फ्रीस्टाईलसाठी ऑनलाइन व्हिडिओ: कुणाचे बघायचे, कसे बघायचे आणि स्वतःचं शूटिंग कसं करायचं?

पन्हाळा_रोड
मंडळी, मार्गदर्शन हवं आहे. पोहायला विहिरीत शिकलो, आता सकाळी टँकवर जातो. २५ मीटरला २७ हात आणि ३४ सेकंद लागतात. १०० मीटर झालं की काठ धरावा लागतो, दम पुरत नाही. टँकवरचे सर लहान मुलांच्या बॅचमध्ये गुंतलेले असतात, म्हणून व्हिडिओ बघून सुधारणा करायची ठरवलं आहे. पण एक जण म्हणतो हात पुढे ताणून घसरत जा, दुसरा म्हणतो घसरलात की वेग गेला. एक म्हणतो तळाकडे बघा, दुसरा म्हणतो थोडं पुढे बघा. एकात पाण्याखाली हात वळणावळणाने ओढायला सांगतात, दुसऱ्यात सरळ. यातलं खरं कुठलं? आणि घरी बघितलेलं पाण्यात उतरवायचं कसं?

निळी_लेन
यातले बरेच सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या पोहणाऱ्यांसाठी आहेत. म्हणून व्हिडिओ लावला की आधी बघा: हा किती अंतराचा पोहणारा आहे, मिनिटाला किती हात मारतोय, आणि हातांच्या एका जोडीमागे पाय किती वेळा मारतोय.

आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं उदाहरण घ्या. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम शर्यतीत ०.०१ सेकंदाने कांस्यपदक हुकलं. त्या अंतरात श्वास जवळजवळ घेतच नाहीत, पायांची मोटर पूर्ण चालू असते, हात एकामागून एक न थांबता फिरतात. हे बघून अंगावर काटा येतो, पण ज्याला न थांबता ४०० मीटर जायचंय त्याने तो ताल उचलला तर तिसऱ्या लॅपलाच गळून जाईल.

दुसरं टोक म्हणजे ४०० मीटरचा ऑस्ट्रेलियन ऑलिंपिक विजेता इयान थॉर्प. पाण्यात कोपर उंच ठेवून पाणी पकडणं शिकायला त्याच्याइतका स्वच्छ नमुना क्वचित मिळेल. पण त्याच्या पावलाचा आकार १७ नंबर होता, आणि त्या पायांच्या जोरावर त्याचा पुढचा हात ताणलेला राहिला तरी वेग पडत नसे. आपण तेवढंच थांबलो तर शरीर थबकतं आणि प्रत्येक हाताला गाडी पुन्हा ढकलून सुरू करावी लागते. घसरण्याबद्दलचा वाद इथून येतो.

आणि अमेरिकेची ऑलिंपिक विजेती जॅनेट इव्हान्स जरूर बघा. पाण्याबाहेर हात सरळ, पवनचक्कीसारखे. कुठल्याही सरांनी 'हे चुकीचं' म्हणून थांबवलं असतं. तिचा १९८८ सालचा ४०० मीटरचा ४:०३.८५ हा विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला. पाण्याबाहेर हात कसा येतो याला आपण उगाच फार महत्त्व देतो, कारण काठावरून तेवढंच दिसतं. खरं काम पाण्याखाली चालतं.

वळणाच्या ओढीबद्दल: १९७० च्या सुमारास अमेरिकेचा ऑलिंपिक विजेता मार्क स्पिट्झ याचे प्रशिक्षक डॉक कौन्सिलमन यांनी पाण्याखालच्या चित्रणावरून मांडलं की हात वळणाने फिरतो आणि विमानाच्या पंखासारखा उचल निर्माण करतो. पुढे लक्षात आलं की त्या वळणाचा मोठा भाग शरीर कुशीवर फिरल्यामुळे दिसतो आणि पुढे जाण्याचा मुख्य जोर पाणी मागे ढकलण्यातून येतो. मुद्दाम वळण काढायला जाल तर तेवढा जोर बाजूला वाया जातो. जुन्या व्हिडिओंत ते अजून शिकवतात, ते सोडून द्या.

नजरेचं उत्तर तुमच्या पायांवर अवलंबून आहे. पाय बुडत असतील तर नजर सरळ तळाकडे. पाय आपोआप वर राहत असतील तर थोडं पुढे बघितलं तरी चालतं.

रंकाळा_वेस
भावा, विहिरीत शिकलायस म्हणालास, मग निम्मं निदान इथंच झालं. विहिरीत मान वर ठेवूनच पोहायची सवय लागते. काठ कुठं आहे, पायऱ्या कुठं आहेत, वरनं कोण मुटका मारतंय का, हे सगळं बघावं लागतं. पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून शिकलेल्याला तर पाय आपोआप खालीच सोडायची सवय असते, कारण तरंगायचं काम डबा करतो. ही सवय विहिरीपुरती बरोबर आहे, जीव वाचवणारी आहे. पण टँकमध्ये तीच अडते. डोकं चार बोटं वर आलं की कंबर खाली जाते, शरीर तिरकं होतं, आणि तिरकी फळी पाण्यातनं ओढल्यासारखं होतं. मग दम लागतो तो हाताच्या ताकदीचा नाही, त्या अडथळ्याचा.

आणि नदीवर जाऊन शूटिंग करू नको. पंचगंगेचं पाणी गढूळ, आतलं काही दिसत नाही, शिवाय धारेच्या बाजूनं गेलास तर हात कमी लागतात आणि उलटं गेलास तर जास्त. आकडे कशालाच उपयोगी पडत नाहीत.

फ्रेमबायफ्रेम
कसं बघायचं यावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच वेळ घालवतात आणि हाती काही लागत नाही.

एकच व्हिडिओ घ्या, कडेने पाण्याखालून घेतलेला, तुमच्या अंतराच्या पोहणाऱ्याचा. पहिल्यांदा आवाज बंद करून मूळ वेगात पाचसहा वेळा बघा, काहीही न शोधता. ताल असाच कळतो. स्लो मोशनमध्ये शरीराची स्थिती दिसते पण ताल मरतो. सतत स्लो मोशनच बघणारा पाण्यात उतरला की त्याचे हात अडखळतात. त्यानंतर वेग ०.२५ वर आणा. लॅपटॉपवर यूट्यूब थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे जाते.

आता एका वेळी एकच अवयव. आज फक्त डोकं: श्वास घेताना एक गॉगल पाण्यात राहतो का, तोंड हाताच्या आधी परत जातं का. उद्या फक्त पुढचा हात: बोटं आत शिरली की तळवा कुठे बघतो, कोपर कधी वाकतं, कोपर आणि मनगट यांत वर कोण. परवा पाय. सगळं एकत्र बघितलं की 'वा, काय पोहतो' यापलीकडे डोक्यात काही उरत नाही.

तालही मोजता येतो. उजवा हात पाण्यात शिरल्याच्या फ्रेमपासून तोच हात पुन्हा शिरेपर्यंत फ्रेम मोजा. सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत १२० फ्रेम आल्या तर फेरीला २ सेकंद, म्हणजे मिनिटाला ६० हात. ७२ आल्या तर १.२ सेकंद, म्हणजे मिनिटाला १००. स्लो मोशन केलेल्या व्हिडिओवर हे मोजू नका, आकडा चुकीचाच येणार.

तुमच्या आकड्यांवरून बघू. ३४ सेकंदांतले भिंतीवरून ढकलून घसरण्याचे चारेक सेकंद सोडले तर ३० सेकंदांत २७ हात, म्हणजे मिनिटाला ५४. सुरुवातीचे चार मीटर वजा केले तर २१ मीटरला २७ हात, हाताला पाऊण मीटरच्या आसपास. हात मंद आहेत आणि तरी प्रत्येक हात छोटा पडतोय. याचा अर्थ अडथळा मोठा आहे. हात वाढवून हे सुटणार नाही, रंकाळा_वेस म्हणतायत तेच आधी.

दुसऱ्याचा व्हिडिओ कितीही बघा, जोवर शेजारी स्वतःचा ठेवत नाही तोवर उपयोग फार थोडा. पाण्यात आपण काय करतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात काय करतोय यात वीतभर अंतर असतं. हात सरळ पुढे पडतोय अशी शंभर टक्के खात्री असलेल्याचा हात कॅमेऱ्यात नाकासमोर पडलेला दिसतो.

पहाटेची_बॅच
शूटिंगबद्दल.

सर्वांत आधी परवानगी. अंबाई असो, रमणमळा असो की खासगी टँक, व्यवस्थापकांना आधी विचारा, लाईफगार्डना सांगून ठेवा. महिलांच्या आणि मुलांच्या वेळेत कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. बॅच संपता संपता, कडेची लेन मोकळी असताना दहा मिनिटं मागा. फ्रेममध्ये दुसरं कुणी येत असेल तर थांबवा. हे पाळलं नाही तर एकाच्या चुकीने सगळ्यांचं बंद होतं.

चार कोन लागतात: काठावरून कडेने, समोरून, पाण्याखाली कडेने, पाण्याखाली समोरून. दोनच जमत असतील तर पाण्याखालचे दोन घ्या. कडेच्या कोनात कंबर, पाय, कोपर दिसतं. समोरच्या कोनात हात मधली रेष ओलांडतो का आणि शरीर किती कुशीवर होतं ते दिसतं.

फोन वॉटरप्रूफ असल्याचं कंपनी म्हणत असली तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते, क्लोरीनची नाही. दुहेरी लॉकची पारदर्शक पिशवी घ्या, पहिल्यांदा आत टिश्यू पेपर ठेवून दहा मिनिटं बुडवून बघा. टिश्यू कोरडा राहिला तरच फोन घाला. पाण्याखाली टचस्क्रीन चालत नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग वरच सुरू करायचं आणि मग बुडवायचं. पिशवीत हवा कमी ठेवा, नाहीतर फोन वर उसळतो आणि चित्र हलतं. सेकंदाला ६० फ्रेम ठेवा. २४० फ्रेमचं स्लो मोशन आठपट हळू दिसतं, पण पाण्याखाली उजेड कमी असल्याने चित्र काळं पडतं. ऊन चांगलं वर आल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका.

फोन धरणारा पाण्यात लेनपासून चारपाच मीटर दूर, भिंतीला पाठ लावून उभा राहू दे. पोहणारा समोरून जाताना फोन फिरवायचा नाही, स्थिर ठेवायचा. अॅक्शन कॅमेरा असेल तर त्याची रुंद भिंग फ्रेमच्या कडेला सरळ वस्तूही वाकडी दाखवते, त्यामुळे मोजमाप पोहणारा मधोमध असतानाच करा.

आणि काठावरून घेतलेल्या चित्रावरून हात किती खोल गेला हे ठरवू नका. वरून बघताना पाण्यातली खोली साधारण तीन चतुर्थांशच भासते, आणि पाण्याच्या रेषेवर हात मोडल्यासारखा दिसतो.

ताजेतवाने असताना एक आणि २०० मीटर करून थकल्यावर एक, अशा दोन फेऱ्या घ्या. खऱ्या चुका दुसरीत दिसतात.

खांदा_आणि_मणका
फिजिओथेरपीच्या बाजूने थोडं. अजून पुष्कळ व्हिडिओंत अंगठा खाली करून हात पाण्यात घालायला सांगतात. तसं केलं की खांदा आतल्या बाजूला फिरलेला असतानाच त्यावर भार येतो, आणि हे एका तासात शेकडो वेळा. खांद्याच्या पुढच्या भागात टोचल्यासारखं दुखायला लागतं. बोटांची टोकं आधी, तळवा खाली, हात खांद्याच्या सरळ रेषेत एवढंच ठेवा.

कोपर उंच ठेवण्याचंही तसंच. निवडक खेळाडूंच्या व्हिडिओत कोपर जवळजवळ पाण्याच्या पृष्ठभागाला लागलेलं दिसतं. त्यांचे खांदे लहानपणापासून तयार झालेले असतात. चाळिशीच्या आसपास ऑफिसात बसून आखडलेल्या खांद्याला तो कोन जबरदस्तीने देऊ नका. कोपर मनगटापेक्षा वर आणि बोटं तळाकडे, एवढं झालं तरी पाणी चांगलं पकडलं जातं.

आणखी एक, कळकळीने. श्वास रोखून लांब अंतर जायचे व्यायाम दाखवणारे व्हिडिओ एकट्याने करू नका. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारली तर शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची ओढ उशिरा लागते आणि त्याआधीच शुद्ध हरपू शकते. छातीभर पाण्यातही माणूस जातो.

निळी_लेन
अगदी. दम पुरत नाही म्हणणाऱ्यांनी श्वास रोखण्याचा सराव करायचाच नाही, श्वास सोडण्याचा करायचा. पाण्यात तोंड गेलं की लगेच नाकातोंडातून बुडबुडे सुरू. बाहेर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही करायला वेळच नसतो, मग अर्धाच श्वास आत जातो.

पन्हाळा_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. परवानगी काढून काल शूटिंग केलं. पाण्याखालचे दोन्ही कोन, थकल्यावरचे. दिसलं ते असं:
श्वास फक्त उजवीकडे. श्वास घेताना दोन्ही गॉगल बाहेर.
त्याच वेळी पाण्यातला डावा हात सरळ खाली दाबला जातो, कोपर आधी खाली पडतं.
समोरून बघितलं तर डावा हात डोक्याच्या मधल्या रेषेपलीकडे उजवीकडे पडतो.
पाय कात्रीसारखे फाकतात. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखेही वाटतात.
पाय सर्वांत वाईट दिसतात, म्हणून पायांपासून सुरुवात करू का? किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) घेऊन रोज २०० मीटर?

फ्रेमबायफ्रेम
निरीक्षण फार छान लिहिलंय. पण पायांपासून सुरू करू नका. कात्री कुठल्या फ्रेमला उघडते ते बघा. ती श्वासाच्या क्षणी उघडत असेल आणि श्वास नसलेल्या हाताला पाय जवळ राहत असतील, तर पाय दोषी नाहीत. डावा हात मधली रेष ओलांडतो, शरीर उजवीकडे कलंडायला लागतं, आणि तोल सावरायला पाय आपोआप फाकतात. किकबोर्डवर तोल जातच नाही, त्यामुळे तिथे कात्री दिसणारच नाही आणि २०० मीटर करूनही काही बदलणार नाही. शिवाय किकबोर्ड धरून डोकं वर ठेवलं की विहिरीची सवय आणखी पक्की होते.

पन्हाळा_रोड
तपासलं. बरोबर, फक्त श्वासाच्या वेळीच उघडते. बाकी वेळी पाय एकमेकांजवळ आहेत.

निळी_लेन
मग साखळी अशी: डोकं वर उचललं जातं, त्याला आधार द्यायला डावा हात खाली दाबतो आणि आत येतो, त्याने शरीर कलंडतं, त्यावर पाय फाकतात. शेवटची कडी सर्वांत ठळक दिसते, पण पकडायची पहिली.

दोन आठवडे एवढंच करा. आठवड्यातून तीन दिवस, रोज पहिली वीस मिनिटं, थकायच्या आत:

कुशीवर किक, ४ वेळा २५ मीटर. खालचा हात पुढे खांद्याच्या रेषेत, वरचा मांडीवर, नजर तळाकडे. श्वास हवा तेव्हा नुसतं डोकं फिरवायचं, उचलायचं नाही. कान खालच्या दंडाला टेकलेला राहिला पाहिजे. पायात घालायचे छोटे फिन्स (रबरी पंख) लावा, म्हणजे बुडण्याची धडपड मध्ये येत नाही.
मग सहा किक, तीन हात, सहा किक, असं ४ वेळा २५. प्रत्येक वेळी बाजू बदलते.
मग साधं फ्रीस्टाईल ६ वेळा २५, मध्ये ३० सेकंद थांबून. डोक्यात एकच सूचना: श्वास घेताना डावा हात पुढे, घड्याळातल्या अकराच्या दिशेने. अकरा म्हटलं की तुमच्यासारख्याचा हात बरोबर बाराच्या डावीकडे, खांद्यासमोर पडेल. नेहमी नाकासमोर पडणाऱ्याला सरळ रेष 'फार बाहेर' असल्यासारखीच वाटते.

कोपराचं आत्ता काही करू नका. डोकं फिरायला लागलं की डाव्या हातावरचा भार जातो आणि निम्मं कोपर आपोआप सुधारतं. उरलेल्यासाठी नंतर मूठ बंद करून पोहण्याचा व्यायाम आहे.

रंकाळा_वेस
कॅच-अप ड्रिल का नाही सांगितलं? एक हात पुढं थांबवून दुसरा येईपर्यंत वाट बघायची. त्यानं पुढचा हात लवकर पडायचा बंद होतो की.

निळी_लेन
कॅच-अपमध्ये दोन्ही हात पुढे एकमेकांना भेटतात, म्हणजे मधल्या रेषेवरच. ज्याचा हात आधीच आत पडतोय त्याला तीच सवय पक्की होईल. करायचंच असेल तर दोन्ही हातांत मिळून फूटभराची काठी आडवी धरून करा, हात खांद्याच्या रुंदीवर राहतात.

पहाटेची_बॅच
दोन आठवड्यांनी पुन्हा शूटिंग कराल तेव्हा तीच लेन, तीच बाजू, फोन तेवढ्याच खोलीवर, आणि आधी तेच २०० मीटर. नाहीतर फरक पोहण्यातला की कॅमेऱ्यातला हे कळत नाही. २५ मीटरचे हात आणि सेकंद यांची बेरीज वहीत लिहा. आता ती ६१ आहे. फक्त हात कमी झाले पण सेकंद वाढले तर तुम्ही पुढे जास्त थांबायला लागलात, असं समजा.

पन्हाळा_रोड
लिहून घेतलं. एक शेवटची शंका: डावीकडे श्वास घ्यायला आत्ताच शिकू की नंतर?

खांदा_आणि_मणका
कुशीवर किक करताना दोन्ही कुशींवर करणारच आहात, तिथे डावीकडचा श्वास सुरू होतो. पूर्ण पोहताना आत्ता उजवीकडेच घ्या. मानेला डावीकडे वळायला अडत असेल तर पाण्यात जाण्याआधी काठावर बसून पाठ ताठ ठेवून मान दोन्ही बाजूंना सावकाश दहादहा वेळा फिरवा. हनुवटी खांद्याच्या रेषेपर्यंत येत नसेल तर ते आधी मोकळं व्हायला हवं, कारण मान जिथे अडते तिथूनच डोकं वर उचललं जायला लागतं.